ठिगळ

आधी भेग मोठी करायची.
हे मला मालवणच्या दुकानात केळुसकरांनी सांगितलं,
रेझिनचा डबा वर्तमानपत्रात गुंडाळत,
आणि घरी येईपर्यंत माझा विश्वास बसला नाही.
वीतभर तडा, सर्जेकोटच्या खडपावर घासून पडलेला,
तो ग्राइंडरने हातभर करायचा,
कड उतरती, ताटाच्या काठासारखी,
धड थर लागेपर्यंत.

रुपेश गोव्याच्या ट्रॉलरवर, महिनाअखेर येणार.
कारागीर म्हणाला, आठ हजार, आणि आठ दिवसांनी बघू.
आठ दिवसांत बांगडा कुठल्या कुठे जातो.
म्हणून होडी मागच्या अंगणात,
माडाच्या दोन ओंडक्यांवर पालथी,
आणि मी रुपेशच्या जुन्या फुल शर्टात,
तोंडाला ओढणी, बाह्यांना रबरबँड.
काचेची धूळ उडते, अबोलीवर बसते.
मांजर शिंकून निघून जातं.

ओसरीवर मामंजी.
फणसाच्या नि उंडीच्या होड्या बांधण्यात जन्म गेला,
सांध्यांत कापूस नि राळ भरली.
ही होडी आली त्या दिवसापासून
त्यांनी तिला हात लावलेला नाही.
"लाकूड पाण्यात फुगता, आपली भेग आपणच मिटवता.
ह्येका काय येता? ही बादली."
डोळ्यांत मोतीबिंदू.
ऐकू मात्र नको तितकं येतं.

कोबाल्ट आणि हार्डनर थेट भेटवायचे नाहीत.
जावांसारखे. मध्ये रेझिन हवं, नाहीतर भडका.
आधी कोबाल्ट, ढवळ. नंतर हार्डनर, ढवळ.
माप: सोहमच्या खोकल्याच्या औषधाचं टोपण.
वैशाखाचं ऊन मापात धरायला मी विसरले.
प्लास्टिकचा मग तापला, धुरला,
रेझिन आतल्या आत दगड,
मगाची कड जिभेसारखी लोंबलेली.
दोनशे ऐंशी रुपये.
मामंजींनी विचारलं नाही, मीच मोजले.

दुसऱ्या दिवशी, दव सुकल्यावर, ऊन चढायच्या आत,
मी रुपयाच्या नाण्याने काठ वाजवत होते.
टण म्हणजे धड. थप म्हणजे आत थर सुटलेला.
मला सगळंच टण वाटत होतं.
काठीचा आवाज आला. मग त्यांचा हात,
नाणं माझ्या बोटांतून काढून घेणारा.
ठोकत गेले, कान होडीला लावून,
फळी निवडताना लावत असतील तसा,
आणि माझ्या भेगेपासून दोन हात दूर,
जिथे रंगाला ओरखडासुद्धा नव्हता,
थांबले.
"हयसर पोकळ आसा, प्रणिते."

घासलं. होतं.
आतून खारं पाणी घामासारखं पाझरलं.

मॅट कातरायची नाही, हाताने फाडायची.
कापलेली कड उठून दिसते, फाटलेली मिसळते.
ब्रशने टोचत टोचत रेझिन पाजलं
आणि पांढरी मॅट बघता बघता नाहीशी झाली,
खालची भेग दिसू लागली
ओल्या कपड्यातून अंग दिसावं तशी.
तीन थर. बुडबुडा दिसला की रोलर.
मामंजी वासाने खोकत होते, पण उठले नाहीत.

निळा जुळला नाही.
केळुसकरांकडे चार निळे होते,
आमचा पाचवा.

रात्री दोन्ही हात चुलीत घातल्यासारखे.
खोबरेल, थंड पाणी, पावडर, कशाने काही नाही.
डोळ्यांना न दिसणारी हजार कुसळं.
अंधारात मामंजींच्या खोलीतूनही
खर्र, खर्र, खाजवल्याचा आवाज.
आम्ही दोघं जागे, एकाच भिंतीला टेकून,
हा इकडून, तो तिकडून.

सकाळी रेझिनच्या डब्याशेजारी
विहिरीवरची त्यांची बादली,
बुडाला चीर गेलेली,
धुऊन, पुसून, पालथी ठेवलेली.

असल्या बादलीला हे रेझिन धरत नाही.
केळुसकरांनी तेही सांगितलं होतं.
मी नाणं उचललं
आणि तिचं बूड वाजवून बघितलं.